अंदमानहून आई-बाबांना पत्र

श्रीविजयपुरम, अंदमान

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

वरचे गावाचे नाव वाचून बाबा चष्मा पुसून पुन्हा वाचतील, म्हणून आधीच सांगते. आपण आजवर ज्याला पोर्ट ब्लेअर म्हणत आलो, त्याचेच हे २०२४ पासूनचे नाव आहे. आम्ही केरळला जात आहोत असे मी तुम्हाला सांगितले होते, ते खरे नव्हते. आई फोनवर मुलांच्या छत्र्यांची चौकशी करत होती, तेव्हाही मी खरे बोलले नाही, आणि ते तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे.

बाबा, तुम्हाला कळले असते तर तुम्ही त्याच रात्री बॅग भरली असती, आणि तुम्हाला नाही म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते. दोन स्टेंट घालून अजून वर्षही झालेले नाही, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून स्पष्ट सांगितले आहे, वाटेत विमान बदलावे लागते, आणि इथली हवा इतकी दमट आहे की सकाळी नऊ वाजताच अंगावरचे कपडे ओले होतात. त्यात आईचा गुडघा. पुढच्या वर्षी थोरल्याची दहावी असल्यामुळे आणि ह्यांची रजा नेमकी याच आठवड्यात मंजूर झाल्यामुळे सहल पुढे ढकलणे जमले नाही. इतकी कारणे देऊनही तुम्हाला मागे ठेवून आल्याची टोचणी कमी होत नाही, म्हणून आजचा दिवस तरी तुम्हाला नीट सांगते.

सकाळी सर्वांत आधी सेल्युलर जेलमध्ये गेलो. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यांपैकी आता तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, त्यामुळे समोरासमोर कोणी कोणाला दिसूच नये अशी सोय. सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून तिथेच होते, तरी दोघा भावांची कितीतरी काळ भेट झाली नाही, असे तुम्ही सांगायचात तेव्हा एकाच तुरुंगात हे कसे शक्य आहे असे मला वाटायचे. आज ते डोळ्यांनी पाहून पटले. कोठडीच्या दाराची कडीसुद्धा भिंतीतल्या खोबणीत इतकी दूर आहे की आतून हात पोहोचत नाही. थोरल्याने गजांतून हात घालून पाहिला आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, वऱ्हांड्याच्या अगदी टोकाला आहे. तिला दुहेरी दार आहे. जिने चढताना मलाच धाप लागली, आणि तुम्हाला आणले नाही ते योग्यच केले असे तेव्हा वाटले. पण दारात पोहोचल्यावर तसे वाटेना. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर एक झरोका. सावरकरांना इथे आणले ती ४ जुलै १९११ ही तारीख मुलांना मीच सांगितली, आणि सांगताना माझा आवाज तुमच्यासारखा झाला. अठ्ठावीस मेला, सावरकर जयंतीला, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नाशिकरोडहून त्यांच्या जन्मगावी भगूरला न्यायचात, ऊन लागू नये म्हणून तुमचा पंचा भिजवून माझ्या डोक्यावर ठेवायचात; त्या ओल्या पंच्याचा वास मला तिथे, त्या उंबऱ्यात आला. बाबा, मी चप्पल काढून आत गेले आणि तुमच्या वतीने नमस्कार केला.

खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. माणसाला बैलासारखा जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत, हे कळल्यावर धाकटीने विचारले, "आजोबांना हे सगळे माहीत आहे?" मी म्हटले, आजोबांनीच मला सांगितले.

दुपारी बोटीने रॉस बेटावर गेलो. आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. इंग्रज साहेबांचे चर्च, बेकरी, बंगले, साऱ्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळल्या आहेत आणि त्यांतून हरणे फिरतात. आई, मोर अगदी हातभर अंतरावर येतो, तुला तो फार आवडला असता. इथे साडेपाचलाच अंधार पडतो. जेवणाचे हाल नाहीत, वरणासारखी डाळ आणि भात रोज मिळतो, मुले शहाळ्यांवर खूश आहेत आणि दोघांनाही बोट लागली नाही, तेव्हा काळजी करू नका.

आता माझे ऐका. रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, डबीतले खण मी शनिवारपर्यंत भरून ठेवले आहेत. बाबांनी माळ्यावर चढायचे नाही. आईने न्हाणीघरातली रबरी चटई उचलून ठेवायची नाही, पाय घसरू नये म्हणूनच ती आणली आहे. रात्री सोबतीला येणाऱ्या मावशींना "गरज नाही" म्हणून परत पाठवू नका. गेल्या श्रावणात काय झाले ते आपल्या तिघांनाही आठवते.

डॉक्टर होकार देतील त्या थंडीत मी तुम्हा दोघांना घेऊन येणार आहे. वरपर्यंत जाणे जमले नाही, तर खाली अंगणातल्या पिंपळाखाली बसू. वऱ्हांडा चालत जातानाचे चित्रण मी मुद्दाम सावकाश केले आहे, न थांबता, अगदी कोठडीच्या दारापर्यंत. रविवारी नाशिकला येते आणि टीव्हीवर लावून दाखवते. तोवर माझ्यावर रागवायचे असेल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बाळी