दीड महिन्याच्या डोसाला बाळाचे डोळेही बघा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस सविनय नमस्कार.

माझी मुलगी झाली तेव्हा बघणाऱ्याची नजर आधी तिच्या डोळ्यांवर जायची. टपोरे, जरासे निळसर. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, "दृष्ट काढ गं हिची." मी रोज मीठ-मोहऱ्या ओवाळायची. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, अंगणात नेलं की ती पदरात तोंड खुपसायची. दवाखान्यात सांगितलं, अश्रूंची नळी बंद असेल, नाकाच्या कडेला मालिश करा. अडीच महिने मी मालिश केली.

तो जन्मजात काचबिंदू होता. डोळ्याच्या आत जे पाणी असतं (अश्रू नव्हे), ते बाहेर पडायची वाट आईच्या पोटातच नीट घडलेली नसते. दाब वाढतो आणि तान्ह्या बाळाचा मऊ डोळा ताणून मोठा होतो. जन्मतः बुबुळ साधारण १० मिलिमीटर रुंद असतं. पहिल्या वर्षात १२च्या पुढे गेलं तर तपासायलाच हवं. माझ्या मुलीचं १३ भरलं.

यात थेंब तात्पुरते, खरा इलाज शस्त्रक्रियाच. बुबुळ स्वच्छ असेल तर आतूनच ती वाट मोकळी करता येते. आमचं धुरकट झालं होतं, म्हणून डॉक्टरांना बाहेरच्या बाजूने वाट काढावी लागली. डावा डोळा वाचला. उजव्याची नस तोवर सुकली होती, आणि सुकलेली नस परत येत नाही.

आंध्र प्रदेशातल्या एका पाहणीत ३,३०० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. पाश्चात्त्य देशांत साधारण १०,०००मागे एकाला. नात्यातली लग्नं हे याचं एक मोठं कारण. माझे मिस्टर माझे आतेभाऊ आहेत. हा धोका लग्नाआधी आम्हाला कुणीच सांगितला नव्हता.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा जन्मजात व्यंगांच्या यादीत मोतीबिंदू होता, काचबिंदूचं नाव नव्हतं. ते आपल्या राज्याने घालावं. दीड महिन्याच्या डोसाला जवळजवळ प्रत्येक बाळ सिस्टरच्या हाताखालून जातं. तिथेच टॉर्च लावून बघावं: डोळा नेहमीपेक्षा मोठा आहे का, बुबुळ धुरकट आहे का, बाहुलीत पांढरं दिसतं का. आईला विचारावं, बाळ उजेडात डोळे मिटून घेतं का. शंका आली की चिठ्ठी थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मालिशचा सल्ला त्यानंतर.

आणखी एक. शस्त्रक्रियेनंतरही दाब मोजत राहावा लागतो, आणि एवढ्या लहान मुलीला त्यासाठी भूल द्यावी लागते. तशी भूल देणारे डॉक्टर आमच्या जिल्ह्यात मिळाले नाहीत, म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी रात्रीच्या एसटीने मुंबईला येतो. भुलीसाठी पोट रिकामं ठेवायचं असतं. पहाटे ती दुधासाठी रडते आणि मला देता येत नाही. निदान प्रत्येक विभागाच्या ठिकाणी तरी ही सोय करा.

आपली,
एक आई, जि. हिंगोली