बाबा, पोरांना मूठफंडाची गोष्ट सांगाल?

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "पोरांना दारोदार मागायला कशाला पाठवतेस? आपल्या घरात काय कमी आहे?" मागून बाबांचाही आवाज आला, "अमेरिकेत कोण उपाशी बसलंय?" तेव्हा मी कामावर निघायच्या घाईत होते. दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून आज सविस्तर लिहिते. तुम्हा दोघांकडे एकेक कामही आहे, ते शेवटी.

आमच्या मंडळाच्या युवा गटात आठवी ते बारावीतली मुलं आहेत, तुमची नातही त्यांतच. एरवी गणपतीतला नाच आणि संक्रांतीचं नाटुकलं बसवणं एवढंच त्यांचं काम. या वर्षी मुलांनीच विषय काढला की गावातल्या फूड पँट्रीसाठी शिधा गोळा करायचा. ही पँट्री एका चर्चच्या तळघरात चालते. ज्यांचा महिना निभत नाही ते येतात आणि काही दिवसांचा किराणा घेऊन जातात. पैसे द्यावे लागत नाहीत, जात-धर्म कोणी विचारत नाही. अशा पँट्र्यांना माल पुरवणारी मोठी गोदामं असतात, त्यांना फूड बँक म्हणतात. आमच्या राज्यातली सगळ्यात मोठी हिलसाइडला आहे, कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी. तिची सुरुवात कॅथलीन डिचियारा नावाच्या बाईंनी 1975 साली आपल्या गाडीच्या डिकीतून धान्य वाटून केली. आज तिथे ट्रकच्या ट्रक लागतात.

बाबा, उपाशी कोण, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. इथे गरिबांना सरकार दर महिन्याला एका कार्डावर किराण्याचे पैसे देतं, त्या योजनेचं नाव स्नॅप. 2025 साली देशभरात सुमारे 4 कोटी 20 लाख लोक त्यावर अवलंबून होते. गेल्या ऑक्टोबरात केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि 1 नोव्हेंबर उजाडला तरी त्या कार्डांवर पैसे जमा झाले नाहीत. राजधानीतलं भांडण, कोर्टकचेऱ्या, सगळं टीव्हीवर चाललं होतं. पण लोकांच्या घरात त्या आठवड्यात दूध-ब्रेड कुठून आणायचा हा प्रश्न होता. मुलांनी हे स्वतः पाहिलं, शाळेत ऐकलं. शिवाय पैसे वेळेवर आले तरी त्या कार्डावर साबण, डायपर, टॉयलेट पेपर यातलं काही घेता येत नाही. पगार असूनही घरभाडं भरल्यावर हातात काही उरत नाही, असे लोक तर कितीतरी. त्यांत आपल्याकडचेही आहेत. नोकरी गेलेले, शिकायला आलेले, मुलांकडे येऊन राहिलेले म्हातारे. ते रांगेत उभं राहायला सगळ्यात जास्त लाजतात.

फेब्रुवारीच का, तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणात आणि नाताळात सगळ्यांना दानाची आठवण होते. जानेवारी लागला की देणारे हात आखडतात आणि फळ्या रिकाम्या होतात. हे मुलांना पँट्रीच्या बाईंनी सांगितलं. निवृत्त शिक्षिका आहेत त्या, सगळा कारभार बघतात. आधी एक दिवस मुलांना बोलावून त्यांनी फळ्या दाखवल्या आणि बजावलं, "घरात नको असलेलं आणू नका, इथे लागतं ते आणा." मग यादी दिली. पीनट बटर, ट्यूना आणि चिकनचे डबे, कमी मिठाचे बीन्स, ओट्स, फ्रिजशिवाय टिकणारं दूध, तांदूळ आणि डाळी. तांदूळ-डाळी एक-दोन पौंडांच्या पिशव्यांतच हव्यात. आपण घरी आणतो तशी वीस पौंडांची गोणी दिली तर ती फोडून वाटता येत नाही, आरोग्याचे नियम आड येतात. आणि डबे शक्यतो कडी ओढून उघडणारे. एका मुलानं कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "कोणी मोटेलच्या खोलीत राहतं, कोणी गाडीत झोपतं. त्यांच्याकडे डबा उघडायचं ओपनर कुठून असणार?" त्यानंतर एकाही मुलाला दुसऱ्यांदा काही सांगावं लागलं नाही.

एका शनिवारी मुलांनी आमच्या भागातल्या घरांच्या दारांना कागदी पिशव्या अडकवल्या, प्रत्येकीवर यादी टाचून. पुढच्या शनिवारी पायरीवर ठेवलेल्या भरल्या पिशव्या उचलल्या. बॉय स्काउटची मुलं ही पद्धत वर्षानुवर्षं वापरतात, त्यामुळे गोऱ्या शेजाऱ्यांना काही समजावावं लागलं नाही. आपल्याच लोकांना समजवायला वेळ लागला. ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानाबाहेर टेबल मांडलं होतं. दुकानात शिरणाऱ्याच्या हातात यादी द्यायची, "जमेल ती एक वस्तू जास्त घ्या" म्हणायचं, एवढंच काम. पण आई, अनोळखी माणसासमोर उभं राहून मागणं किती अवघड असतं! तुमची नात आधी माझ्या मागे लपत होती. दुपारपर्यंत तिचा आवाज मोकळा झाला. काही जण न बघता निघून गेले, एक गृहस्थ "ज्याला काम करायचं नाही तोच भुकेला राहतो" असं ऐकवून गेले. ती रडेल असं वाटलं मला, पण तिनं पुढच्या माणसाला यादी दिली. मागायला का पाठवते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. स्वतःसाठी मागणं वेगळं आणि दुसऱ्यासाठी नकार ऐकून घेणं वेगळं. घरात पैसा असलेल्या मुलांना नकार ऐकायची सवयच नसते.

पँट्रीला रोख पैसे दिले तर फूड बँकेकडून त्याच पैशांत कितीतरी जास्त माल येतो, हेही बाईंनी आधीच सांगितलं होतं. ज्यांना जमलं त्यांनी पँट्रीच्या नावानं चेक दिले. तरीही मला वाटतं, मुलांसाठी पिशव्या उचलण्याला पर्याय नाही.

तळघरातली निवडानिवड तर तुम्ही बघायला हवी होती. लांब टेबलं, एका टोकाला वजनकाटा. इथे सगळं पौंडांत मोजतात. प्रत्येक डबा हातात घेऊन तारीख बघायची. इथे तारखेत महिना आधी लिहितात. डब्यावरची 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' ही ओळ बहुतेक वेळा चवीबद्दल असते, पण बाळाच्या दुधाची पावडर मुदत उलटली की बाजूलाच. मग पोचे. बाईंनी एका मुलाचं बोट धरून डब्याच्या कडेवरच्या जोडावरून फिरवलं. मध्यभागी हलकासा पोचा असेल तर चालतो, पण जोडावर असेल, डबा फुगलेला किंवा गंजलेला असेल तर तो टाकायचा, आत विष तयार झालेलं असू शकतं. तो मुलगा मग डोळे मिटून प्रत्येक डब्याची कड चाचपत होता. आई, तू तांदूळ निवडताना बसतेस तसाच गढून गेला होता.

या पँट्रीत बांधून ठेवलेली पिशवी हातात देत नाहीत. लोक छोटी गाडी ढकलत फळ्यांमधून फिरतात आणि हवं ते उचलतात. कोणाला साखरेचा आजार, कोणी मांस न खाणारं, जो तो आपापलं बघून घेतो. आत फोटो काढायला सक्त मनाई. आमच्या पोरांना आपल्या कामाचे फोटो टाकायचे होते. बाई म्हणाल्या, "डब्यांचे काढा, माणसांचे नाही." मला हे फार पटलं.

बाबा, तेव्हा मला तुमचं बोर्डिंग आठवलं. कर्मवीर अण्णांनी 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि मूठफंड! रोज स्वयंपाकाआधी घरागणिक मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगातल्या मुलांच्या ताटात जायचं. तुम्ही सांगायचात की पोत्यात पडल्यावर पाटलाची मूठ कुठली आणि मजुराची कुठली हे कोणाला ओळखता यायचं नाही, म्हणून जेवणाऱ्या पोराला कोणापुढे मान खाली घालावी लागायची नाही. इथल्या टेबलावर सगळ्या पिशव्या एकत्र ओतल्या तेव्हा मी तेच बघत होते. मुलांना वाटतं, हे काम त्यांनी अमेरिकेत शिकलं. त्यांचा आजोबाच अशा मुठींवर शिकला, हे त्यांना कुठे माहीत आहे?

तर तुमचं काम हे. येत्या रविवारी आमच्या सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसातला, गटाची बैठक आहे. व्हिडिओवर या आणि त्यांना बोर्डिंगबद्दल सांगा. भाषण नको. काय जेवायचात, कोण वाढायचं, भांडी कोण घासायचं, हे सांगा. मराठीतच बोला, अडेल तिथे मी आहे.

आई, तुझं काम जास्त निकडीचं आहे. पँट्रीत अख्ख्या मसुराच्या पिशव्या पडून राहतात, कारण पुष्कळांना ते शिजवायचं कसं हेच ठाऊक नाही. मुलं पिशवीवर चिकटवायला कृतीची चिठ्ठी करताहेत आणि सगळ्यांचं एकमत झालंय की अख्खा मसूर तुझाच. पण कांदा-लसूण मसाला इथे कोणाकडे नसणार. कांदा, तेल, मीठ, थोडं तिखट आणि डब्यातला टोमॅटो एवढ्यातच व्हायला हवा, तोही कुकरशिवाय. किती वेळ भिजवायचा, वाटीला पाणी किती, आच केवढी, सगळं मोजून लिही. "अंदाजानं" लिहू नकोस. गुरुवारपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो पाठव, शुक्रवारी छापायला द्यायचंय.

तब्येतीला जपा. बाबा, गोळ्या चुकवू नका.

तुमची लेक