ओल्या बुटांची काळजी घेणाऱ्या हॅनोवरच्या आजींस

आदरणीय आजी,

तुमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मराठी विद्यार्थिनी हे पत्र तुम्हाला जर्मनमध्ये वाचून दाखवणार आहे. तरीही ते मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण नोव्हेंबर 2025 मध्ये जर्मनीतल्या हॅनोवर शहरात ‘अ‍ॅग्रिटेक्निका’ हे कृषियंत्रांचे प्रदर्शन पाहायला आलेल्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांवर कोणती वेळ आली आणि ती कोणी निभावून नेली, हे इकडच्या लोकांनाही कळायला हवे.

आम्हाला घेऊन आलेल्या सहल आयोजकाचे नाव मी घेणार नाही. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना ते ठाऊक आहे. त्याच्या गुळगुळीत पत्रकावर प्रदर्शनाजवळच्या हॉटेलचे छायाचित्र होते, रक्कम त्याने पूर्ण आगाऊ घेतली होती, आणि प्रत्यक्षात त्या हॉटेलच्या काउंटरवर आमच्या नावाची एकही खोली नव्हती. दोन वर्षांतून एकदा भरणाऱ्या या प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोवरमध्ये ऐनवेळी निवारा शोधणे किती अवघड असते, हे तुम्हाला मी काय सांगावे? साडेचारलाच अंधार पडला होता, पाऊस थांबत नव्हता, आणि आयोजकाचा फोन आधी लागेना, मग बंदच झाला. पुढे कोणी कोणाला विचारले आणि तुमचा पत्ता माझ्या हाती कसा आला, तो तपशील इथे नको. रात्री उशिरा एका अनोळखी, भिजलेल्या माणसाला तुम्ही दार उघडलेत.

तुम्ही खोली दिलीत, गरम सूप दिलेत, एका कागदावर ट्रामचा आठ हा क्रमांक ठसठशीत काढून त्याखाली ‘मेसे नॉर्ड’ हे उतरायच्या थांब्याचे नावही लिहून दिलेत. या सगळ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती माझ्या बुटांची गोष्ट.

चिखलाने भरलेले ते बूट मी लाजेखातर दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवले होते. सकाळी पाहतो तो ते आत, हीटरच्या शेजारी, जुन्या फडक्यावर ठेवलेले होते. चिखल पुसलेला होता, नाड्या काढून वेगळ्या वाळत टाकल्या होत्या, आणि दोन्ही बुटांत वर्तमानपत्राचे बोळे टाचेपासून चवड्यापर्यंत घट्ट कोंबलेले होते. मी बोळे काढले तर ते जेमतेम दमट होते. ओल्याचिंब कागदांचा दुसरा ढीग मला स्वयंपाकघरातल्या टोपलीत दिसला, तेव्हा उलगडा झाला की रात्री केव्हातरी उठून तुम्ही कागद बदलला होता. ज्या गुडघ्यामुळे तुम्हाला जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो, तोच गुडघा घेऊन. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी धाकट्याच्या पायताणाला हात लावला, तर धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखे होते. मी वाकून तुमच्या पाया पडलो त्याचे कारण हे होते. तुम्ही बहुधा दचकलात, आणि मग घड्याळाकडे बोट दाखवून मला ट्रामसाठी पिटाळलेत!

कोरड्या बुटांचे मोल प्रदर्शनात पाऊल टाकल्यावर कळते. वीसहून अधिक दालने आणि त्यांच्यामध्ये उघडे, वाऱ्याचे रस्ते. ओल्या पायांनी मी दुपारीच माघारी फिरलो असतो. बारा मीटरहून रुंद कापणीपट्टीचे कम्बाइन हार्वेस्टर मी डोळे भरून पाहिले, पण आमच्या बांधाबांधांच्या शेतात ते वळणार तरी कुठे? माझे पाय थबकले ते कॅमेऱ्याच्या कोळप्यापाशी. पिकाची ओळ कॅमेरा पाहतो आणि त्याप्रमाणे पाती डावी-उजवीकडे सरकतात, त्यामुळे रोपाला न दुखावता तण निघते. खुरपणीला माणूस मिळत नाही म्हणून मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्याला हे यंत्र परवडो वा न परवडो, त्याची रचना समजून घेण्यात माझी सगळी दुपार गेली, आणि पायांनी एकदाही तक्रार केली नाही.

विद्यार्थिनीकडून मला नंतर कळले की, प्रदर्शनाच्या पाहुण्यांना घरात घेण्याची रीत तुमच्या शहरात जुनी आहे. महायुद्धातल्या बॉम्बवर्षावाने शहर उद्ध्वस्त झालेले असताना 1947 साली तिथे निर्यात प्रदर्शन भरले, आणि हॅनोवरकरांनी आपल्याच अपुऱ्या घरांत परक्यांसाठी जागा केली. भाडे मिळत होते हे खरे, त्यात वावगे काहीच नाही. पैसे घेऊनही माणूस माणसासारखा वागू शकतो, एवढेच मला म्हणायचे आहे. आमच्या आयोजकाने तर पैसे घेतल्यावर वागणेच सोडून दिले. सौजन्याला मोठे मन लागते असे म्हणतात, पण मला वाटते त्याआधी लक्ष लागते. पाहुणा जे मागायला संकोचेल ते आपणहून पाहणारी माणसे सगळीकडे असतात, फक्त त्यांची पत्रके छापलेली नसतात.

एक तक्रार मात्र आहे. त्या आठवड्यात शहरात खोल्यांचे दर चढलेले असताना तुम्ही माझ्याकडून नेहमीचेच भाडे घेतलेत, आणि जास्तीचे पैसे टेबलावर ठेवले तर ते माझ्या पिशवीत परत घातलेत. 2027 च्या प्रदर्शनाला येण्याचा माझा विचार आहे. खोली मोकळी असेल तर विद्यार्थिनीकरवी कळवावे, म्हणजे भाडे थेट तुमच्याकडेच आगाऊ पाठवीन. या खेपेस ते प्रदर्शनाच्या दराने घ्यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक शेतकरी