एमसीबी वायर वाचवते, मूल नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लहान मुलांच्या घरातील सुरक्षिततेवरचा लेख वाचला. चित्रं सुरेख आहेत. पण ‘घरात एमसीबी असेल तर शॉकची चिंता नको’ हे वाक्य छापण्याआधी कोणीतरी आपल्या घरच्या वायरमनला एक फोन करायला हवा होता.

एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा, खटका. ती असते वायर जळू नये म्हणून. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या अंगातून 230 व्होल्टला जेमतेम पाव अँपिअर करंट जातो. जीव जायला तेवढा पुरतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र तो 60 वॅटचा बल्ब लागल्यासारखा वाटतो, मग ती पडेल कशाला? त्यासाठी आरसीसीबी लागते, म्हणजे करंट अंगातून किंवा जमिनीत गळू लागला की सप्लाय तोडणारा खटका, तीही 30 मिलिअँपिअर गळतीला पडणारी. (बरेच जण अजून तिला ईएलसीबीच म्हणतात, म्हणोत.) ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून 100 मिलिअँपिअरची बसवून देणारे आमच्याच धंद्यात आहेत, हेही कबूल करतो. सारखी पडते याचा अर्थ कुठेतरी लिकेज आहे. बहुधा गिझरची कॉइल गेलेली असते, नाहीतर न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो. ते शोधायचं सोडून आरसीसीबीच बदलतात! तिच्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पडली नाही तर बदला.

आणि विदर्भ आवृत्तीत, ऐन एप्रिलात, शॉकवर पानभर लेख, त्यात कुलर हा शब्द नाही? पत्र्याची बॉडी, टाकीत बुडालेला पंप, टू पिन टॉप, खाली सांडलेलं पाणी. पंपाच्या वाइंडिंगमध्ये पाणी शिरलं की करंट बॉडीत उतरतो, आणि मुलं गार वाऱ्यासाठी जाळीला गाल लावून उभी असतात. थ्री पिन टॉप लावला की झालं, असंही नाही. सॉकेटच्या मागे न्यूट्रललाच लूप मारून ‘अर्थिंग’ दिलेलं सर्रास सापडतं. न्यूट्रल मागे कुठे तुटला की चालू कुलरची सगळी बॉडी फेजवर येते, म्हणजे हात लावला की शॉक. अर्थची वायर खरोखर जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेली आहे का, ते मीटर लावून तपासून घ्या. टाकीत पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, टॉपही काढा.

सॉकेटला प्लॅस्टिकची टोपणं लावा म्हणे. दोन वर्षांचं पोर ती उपटून तोंडात घालतं. शटरवाली सॉकेट घ्या, म्हणजे टॉप घातल्याशिवाय खालची भोकं आतून झाकलेलीच राहतात. मात्र टू पिन टॉप बसावा म्हणून वरच्या मोठ्या भोकात रिफिल खुपसून शटर उघडू नका. शेजारी उभं राहून पोरं तेच बघत असतात.

जाता जाता, त्याच पानावरची चौकट. भाजल्यावर टूथपेस्ट? भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, बर्फ लावायचा नाही, बाकीचं अंग गार पडू द्यायचं नाही, मग स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठायचा. पेस्ट थापली की डॉक्टरांना आधी ती काढत बसावं लागतं, तोवर जखम किती खोल आहे ते दिसतच नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या टायपात येऊ द्या.

– एक परवानाधारक वायरमन, वर्धा