ग्रुप ॲडमिनची रजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलच्या उपवासावर लेख आला होता. नोटिफिकेशन बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दीर्घ श्वास घ्या, वगैरे. सल्ला चुकीचा नाही, पण तो ग्रुपमध्ये असलेल्या माणसासाठी आहे. ग्रुप चालवणाऱ्याच्या तो काही कामाचा नाही. ग्रुपमधल्या माणसाने फोन बाजूला ठेवला की तो सुटतो. चालवणाऱ्याने ठेवला की परत येईपर्यंत साडेतीनशे मेसेज, एक भांडण आणि ‘ॲडमिन झोपलेत का?’ असा टोमणा वाट बघत असतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांचा एक ग्रुप मी सहा वर्षं चालवते आहे. सासूबाईंच्या आजारपणात ज्या गोष्टी मला कुणी सांगितल्या नाहीत त्या इतरांना तरी कळाव्यात, एवढ्याच हेतूने अकरा जणांवर सुरू केला. आता नऊशेच्या वर माणसं आहेत. एकाने दुसऱ्याला परस्पर गोळ्या सुचवल्या तर थांबवायचं, ‘हमखास गुण’वाल्या जाहिराती उडवायच्या, आईला कोण ठेवून घेणार यावरून दोन भावंडं सगळ्यांसमोर जुंपली की दोघांशी वेगवेगळं बोलायचं. शिवाय रोज नवीन माणूस, आणि त्याचे तेच प्रश्न. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच पडलेले असतात, त्यामुळे ‘वर बघा, उत्तर दिलंय’ असंही म्हणवत नाही.

रात्री पावणेदोनला मेसेज यायचा, ‘ताई, आई मला ओळखत नाहीये, दार उघड म्हणतेय, काय करू?’ शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून मी स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून, पांघरुणाखाली उत्तर टाइप करायचे. मग पुढचा तासभर त्या घरातली आई झोपली की नाही, या विचाराने मला झोप नाही. सकाळी तो माणूस विसरलेला असायचा. विसरणारच, त्याची रात्र निभावलेली असायची.

हे सगळं थकवणारं होतं, पण थकवा मी मोजतच नव्हते. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एका दुपारी कुणाची तरी आई गेल्याचा मेसेज आला. मी ‘भावपूर्ण’ एवढं टाइप केलं, पुढचा शब्द फोननेच सुचवला, तो दाबला आणि खालची जाहिरात डिलीट करायला वळले. दहा-पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की आई कुणाची गेली. ज्या मुलाशी मी दोन वर्षं बोलत होते, ज्याच्या आईला कुठलं गाणं लावलं की शांत वाटतं हेसुद्धा मला पाठ होतं, त्याची. मला रडू आलं नाही. ‘चला, आता त्याचे मेसेज येणार नाहीत,’ असा विचार आला. हे लिहायला लाज वाटते, पण तो विचार आला हे खरं.

नंतर वाचताना कळलं की याला नाव आहे आणि त्याचं मोजमापही झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचे तीन भाग आहेत. मन पार आटून जाणं, आपण काही साधतच नाही असं वाटत राहणं आणि समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघता एक प्रकरण म्हणून बघणं. आपण थकलो की त्याला आळस म्हणतो, आणि हे तिसरं झालं की स्वतःला वाईट माणूस समजतो. मीही समजलेच.

गंमत पुढेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या पक्की केली, ती नोकरी-व्यवसायापुरतीच आहे. आयुष्यातल्या इतर अनुभवांना हा शब्द लावू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे बिनपगारी ॲडमिनला बर्नआउट होऊच शकत नाही! आणि हा शब्द रूढ झाला कुठून? न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसा स्वतःचे रुग्ण बघून रात्री एका मोफत दवाखान्यात राबायचे. तिथले स्वयंसेवक आणि ते स्वतः कसे विझत गेले, त्यावर त्यांनी १९७४ मध्ये लिहिलं. पदरमोड करून राबणाऱ्यांवरून शब्द आला आणि व्याख्येच्या दाराबाहेर तेच उभे राहिले.

‘फोनवर बोटं फिरवणं हे काय काम?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा देते. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या बिनपगारी मॉडरेटरांच्या, म्हणजे तिथले गट सांभाळणाऱ्यांच्या, २०२० मधल्या कामाचा अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तर ते सगळे मिळून दिवसाला किमान ४६६ तास राबत होते. बाजारभावाने ते वर्षाला ३४ लाख डॉलरचं काम झालं. त्यात रात्री जागून केलेली काळजी धरलेली नाही, ती धरणार तरी कशी?

पुरवणीतल्या त्या लेखाच्या लेखिकेने म्हटलंय, ‘नाही म्हणायला शिका.’ मला ‘नाही’ म्हणता येतं. अडचण अशी होती की मला ‘हो’ म्हणणं आवडत होतं. ‘ताई, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकायची सवय लागली की सुटत नाही. मदतीला दुसरं कुणी घ्यायचं म्हटलं की मी कारणं काढायचे, त्यांना अनुभव नाही, ते नीट बोलणार नाहीत, सगळ्यांची माहिती मलाच आहे. खरं तर ती माहिती मी लिहूनच ठेवत नव्हते. माझ्यावाचून अडावं अशी सोय माझी मीच करून ठेवली होती.

त्या दुपारनंतर महिनाभर मी फक्त लिहिलं. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं, कुठला मेसेज काढायचा आणि का, कुणाला किती वेळा समज द्यायची. आणखी दोघांना ॲडमिन केलं आणि वार वाटून घेतले. ज्याचा वार त्याचा निर्णय. तो पटला नाही तरी इतरांनी मध्ये पडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने एक वाद मी मिटवला असता त्याहून फारच रोखठोक मिटवला. मी फोन उलटा करून ठेवला. हात शिवशिवत होते.

रात्री दहा ते सकाळी सात ‘फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग लावलं, तेव्हा मात्र खरा गहजब झाला. ‘रात्रीच तर गरज असते,’ असं एका बाईंनी सुनावलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. या आजारात बऱ्याच रुग्णांची घालमेल संध्याकाळनंतरच वाढते. दोन रात्रींत मी सेटिंग काढून टाकलं. मग परदेशात राहणारे दोन सदस्य आपणहून पुढे आले. आमची रात्र हा त्यांचा दिवस. आता रात्रीचे मेसेज ते बघतात. ग्रुपच्या माथ्यावर एक सूचना कायम आहे: आम्ही डॉक्टर नाही, जिवावरचा प्रसंग असेल तर इथे लिहीत बसू नका, डॉक्टरांना किंवा रुग्णवाहिकेला फोन करा. ही सूचना पहिल्या दिवसापासून हवी होती. सहा वर्षं मी पांघरुणाखाली कसली जबाबदारी घेऊन बसले होते, याचा विचार आता केला तरी अंगावर काटा येतो.

मग मी पंधरा दिवस ग्रुप उघडलाच नाही. सोळाव्या दिवशी उघडला. सगळं सुरळीत होतं, आणि ‘ताई कुठे आहेत?’ असं एकानेही विचारलेलं नव्हतं. दोन दिवस ते मला चांगलंच लागलं. ज्या मुलाची आई गेली त्याला त्याच आठवड्यात फोन केला, जरा उशिराच. आम्ही पाऊण तास त्या गाण्याबद्दलच बोललो.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर एखाद्या ॲडमिनलाही लिहायला सांगा, एवढीच विनंती. फक्त त्याचा वार कोणता ते आधी विचारून घ्या. आज माझा नाही, म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहिता आलं.

आपली,
एक नियमित वाचक