फोटोतला अंगठा चुकीच्या जागी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या शूटिंग रेंजवर मॅग्नम रिव्हॉल्वर चालवून आलेल्या वाचकाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख झकास आहे, पण सोबतचा फोटो पाहून माझा चहा कपातच राहिला. गृहस्थ कंबरेतून मागे झुकलेत, कोपरं ताठ आहेत आणि डाव्या हाताचा अंगठा थेट सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चक्राच्या, पुढच्या कडेला टेकलाय.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. त्यातली चौदा वर्षं फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, नव्या पोरांना उभं करण्यात गेली. थ्री-नॉट-थ्री रायफलीने निळे पडलेले खांदे पुष्कळ पाहिले. पिस्तूल म्हणाल तर नऊ एमएम. तेवढ्या भांडवलावर मुलाकडे अ‍ॅरिझोनात गेलो असताना रेंजवर .44 मॅग्नम मागितलं. तिथल्या माणसाने सहाही घरं भरून ते हातात दिलं आणि तो मोबाईल बघायला मोकळा झाला. मीही मिशीला पीळ देऊन जुन्या पद्धतीने एकाच हाताने नेम धरला. बार उडाला आणि नळी थेट कपाळापर्यंत आली. बोट ट्रिगरवरच होतं. मूठ धक्क्याने आवळली असती तर दुसरी गोळी छतात गेली असती. अशा हत्यारांत हे घडतं, म्हणून पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं असतं. ही साधी गोष्ट इतरांना शिकवलेला माणूस स्वतः विसरला.

2014 साली याच अ‍ॅरिझोनात नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली उझी ही छोटी मशीनगन अशीच वर उसळली आणि शेजारी उभा असलेला तिचा प्रशिक्षक गेला. ती उझी होती, रिव्हॉल्वर नव्हे. पण हत्यार हाताबाहेर जाणं तेच.

नऊ एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची असते. .44 मॅग्नमची पंधरा-सोळा ग्रॅमची, आणि वेगही जास्त. ती जेवढ्या रेट्याने पुढे जाते तेवढाच रेटा हाताला मागे बसतो. नळी मुठीच्या वर असल्याने हत्यार सरळ मागे न येता मनगटावर वर उसळतं. म्हणून मूठ दस्त्यावर जमेल तितकी वर धरायची, दुसऱ्या हाताने ती गच्च लपेटायची, कोपरं किंचित सैल ठेवायची आणि भार पुढच्या पायावर टाकायचा. धक्का अडवायला जाऊ नये, तो हातांतून खांद्यांत जिरू द्यावा. दंडाच्या बेडक्यांचा इथे फारसा उपयोग नाही.

माझ्यानंतर सूनबाई उभी राहिली. वजन जेमतेम पन्नास किलो. तिने आधी .44 स्पेशल काडतुसं मागून घेतली. ती त्याच रिव्हॉल्वरमध्ये बसतात आणि धक्का बराच कमी देतात. मग एकच मॅग्नम भरून घेतलं. नळी उसळली ती वीतभर, आणि पुन्हा जागेवर आली.

खरा शत्रू धक्का नसून त्याची धास्ती आहे. बार उडण्याच्या क्षणभर आधी माणूस दचकून मनगट खाली दाबतो आणि गोळी निशाणाच्या खाली जाते. आमच्या बटवर ‘साहेब, पिस्तूलच वाकडंय’ असं सांगणारे दर तुकडीत दोघे-तिघे असायचेच. मी त्यांच्या मॅगझिनमध्ये गुपचूप एखादं डमी काडतूस घालायचो. ट्रिगर दाबला की नुसतं ‘टक’ व्हायचं, आणि तरी नळी टिचकी मारल्यासारखी खाली झुकायची. सगळी तुकडी हसायची. पोरगा लाल व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी त्याचं पिस्तूल आपोआप सरळ झालेलं असायचं. रिव्हॉल्वरला हाच प्रयोग एखादं घर रिकामं ठेवून आणि सिलिंडर न बघता फिरवून करता येतो.

आता तो अंगठा. रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते. बार उडताना तिथून दोन्ही बाजूंना तापलेला वायू सुरीसारखा निघतो. मॅग्नममध्ये तो कातडी फाडतो, आणि त्याहून मोठ्या .500 मॅग्नमसारख्या हत्यारात तर अंगठ्याच्या टोकाचीच शाश्वती नाही. त्या गृहस्थांचा अंगठा शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं. पुन्हा जाणार असतील तर दोन्ही अंगठे सिलिंडरच्या मागे ठेवायला त्यांना आवर्जून कळवा.

असा लेख पुन्हा छापणार असाल तर फोटोसाठी सूनबाईचा पाठवतो. माझी चित्रफीतही तिच्याच मोबाईलमध्ये आहे, ती कृपया मागू नये.

आपला,
एक निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, सातारा