पेंटर काका, झोळ सापडला

ती. पेंटर काकांना सा. न.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणत विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

ब्लाउज शिवायला शिकवणारं माझं यूट्यूब चॅनेल तुम्ही कशाला बघाल? पण त्या दिवशी थंबनेलपायी, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रापायी, मी रडकुंडीला आले होते आणि बोर्ड रंगवणारे तुम्ही म्हणालात, दाखव तुझा बोर्ड. १२८० बाय ७२० पिक्सेलच्या त्या थंबनेलमध्ये माझा चेहरा, कात्री, मशीन, चॅनेलचा शिक्का आणि 'परफेक्ट कटोरी ब्लाउज कटिंगची सर्वात सोपी पद्धत' असं सगळं कोंबलं होतं. तुम्ही मोबाइल कट्ट्यावर टेकवून ठेवलात आणि चार पावलं मागे गेलात. "बोर्ड धावत्या एसटीतून वाचता आला पाहिजे. हा तर उभं राहूनही वाचवत नाही."

मग अक्षरांवर बोललात, तसं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्या ओळीला तीन मजले: वर वेलांट्या-मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. चित्र काड्यापेटीएवढं झालं की 'पद्धत'मधला 'द्ध' बुजतो, अनुस्वार डाग वाटतो. जाड फॉन्ट घेतला तर अक्षराच्या पोटातली जागाच भरून जाते. म्हणून शब्द दोनच, जोडाक्षर शक्यतो नको. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा, कारण तिथे व्हिडिओची लांबी येऊन बसते. (हे मात्र मी तुम्हाला सांगितलं, तेवढं श्रेय माझं.)

एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून चाचणी घेता येते. यूट्यूब वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दाखवतं, आणि निकाल नुसत्या क्लिकवर लावत नाही. कुठल्या चित्रावरून आलेल्यांनी जास्त वेळ पाहिलं, ते बघतं. पहिल्या वेळी मी एकच चित्र तीन रंगांत लावलं. दोन आठवडे वाट पाहिली, तिन्ही सारखीच ठरली. तुम्ही हसलात, "बाई तीच, साड्या तीन."

दुसऱ्या वेळी एकात माझा चेहरा, एकात तयार ब्लाउज आणि एकात फक्त मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, आलेली चुणी, वर दोन शब्द: 'झोळ का?' मी पैज तयार ब्लाउजवर लावली असती. जिंकला झोळ. आता वाटतं, रात्री अकराला बिघडलेला ब्लाउज मांडीवर घेऊन बसलेली बाई माझा सुंदर ब्लाउज कशाला शोधेल? ती स्वतःचाच शोधत असते. आणि उपाय पहिल्याच मिनिटात सापडला की पुढचंही बघत बसते.

पिवळ्यावर लाल अक्षरांचा तुमचा हट्ट काही मी मानलेला नाही. पुढच्या चाचणीत लावते, मग भांडू.

पैसे तुम्ही घेणार नाही, ठाऊक आहे. काकूंकडून तुमचे दोन शर्ट गुपचूप मागवले होते. कॉलर उलटवून झाल्यात, संध्याकाळी आणून देते.

तुमची,
समोरच्या गाळ्यातली शिवणवाली